खुराकाचं बिल कोण भरतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी बऱ्यापैकी तसंच आहे.

आजचा विषय कुस्ती. पण ढाक, कलाजंग, घिस्सा असल्या डावांवर आज काहीच बोलणार नाही. आज पैशांवर बोलायचंय. एखादा पोरगा दहा-अकरा वर्षांचा असताना तालमीत जातो आणि पंचविशीच्या आसपास कुठेतरी त्याचं नाव होतं. मधली पंधरा वर्षं त्याला खायला कोण घालतं? प्रश्न साधा वाटतो. पण महाराष्ट्राच्या कुस्तीचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाला धरून सांगता येतो, आणि माझ्या मते तो पदकांच्या यादीपेक्षा जास्त भारी आहे.

एक आकडा तेवढा लक्षात ठेवा: 57 किलो. तो मध्ये मध्ये येत राहील.

आधी खुराक म्हणजे काय ते बघू. आपल्याला डाएट प्लॅन म्हटलं की व्हे प्रोटीनचा डबा आठवतो. पैलवानाचा खुराक म्हणजे म्हशीचं दूध, घरचं तूप, बदाम, फळं, आणि खाणाऱ्यांसाठी अंडी, मटण. वर थंडाई. बदाम रात्री भिजत घालायचे, सकाळी सालं काढायची, मग खसखस, बडीशेप, काळी मिरी टाकून ते सगळं कुंड्यात सोट्याने घोटत बसायचं. तालमीतली नवी पोरं हे काम करतात, आणि थंडाई घोटून घोटूनच मनगटं तयार होतात असं तिथले लोक सांगतात. पहाटे उठून जोर-बैठका मारायच्या, हौद्यात लाल मातीत लढत करायची. एवढं अंग मोडल्यावर पोटात काही गेलं नाही तर पोरगं महिन्याभरात आजारी पडेल. म्हणून तालमीच्या जगात खुराक ही हौस समजली जात नाही, तो व्यायामाचाच अर्धा भाग आहे.

आता हिशोब. मी सहज एक शीट उघडून आकडे टाकले. हे माझे ढोबळ भाव आहेत, तुमच्या गावात थोडे कमी-जास्त असतील. दिवसाला तीन लिटर म्हशीचं दूध, 70 रुपयांनी 210. बदाम 200 ग्रॅम, किलोला 800 धरले तर 160. तूप 100 ग्रॅम, 70 रुपये. अंडी, फळं, डाळ-धान्य धरून आणखी 100. झाले 540 रुपये. महिन्याला सोळा हजार, वर्षाला जवळपास दोन लाख. आणि हे दहा वर्षं चालतं. यात तालमीची फी नाही, बूट नाहीत, स्पर्धेला जायचं रेल्वेचं तिकीट नाही, आणि गुडघा गेला तर ऑपरेशनही नाही.

बीटेकला ॲडमिशन मिळाली की बँक एज्युकेशन लोन देते. पोरगं तालमीत घातलंय म्हणून खुराक-लोन देणारी बँक मी तरी पाहिलेली नाही.

मग पूर्वी हे बिल कोण भरायचं? राजा भरायचा.

कोल्हापूरचं उदाहरण सगळ्यात ठसठशीत आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या हाती 1894 साली कारभार आला. ते स्वतः कुस्ती खेळणारे होते. त्यांनी पैलवानांना आसरा दिला. राहायची जागा, खुराक, वर पैसे. कुठल्या पैलवानाला काय हवं-नको ते दरबार बघायचा. 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज युरोपात गेले, तेव्हा त्यांनी रोममधला तो प्रचंड जुना आखाडा, कोलोसियम, पाहिला. त्यातून कल्पना घेऊन कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं, ते 1912 मध्ये पुरं झालं. मधोमध हौदा आणि भोवती उतरती बैठक. कुठेही बसा, कुस्ती दिसणारच. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींची नावं आजही पैलवानकीच्या जगात आयआयटीच्या कॅम्पससारखी घेतली जातात, त्यामागे त्या काळची ही पुण्याई आहे.

हे फक्त कोल्हापुरात नव्हतं. गामा पैलवानाचं नाव ऐकलं असेल. तो अगदी लहान असताना त्याचे वडील गेले. पुढे त्याला दतियाच्या राजाचा आश्रय मिळाला आणि नंतर पतियाळाच्या महाराजांचा. बापाची जागा दरबाराने घेतली. त्या व्यवस्थेत आई-बापाचं काम म्हणजे पोरगं महाराजांच्या नजरेपर्यंत पोचवायचं. एकदा का ते पदरी पडलं की दुधा-तुपाची चिंता मिटली.

यात मी फार रमणार नाही, कारण राजाश्रय म्हणजे शेवटी राजाची मर्जी. ज्याच्यावर नजर पडली तो तरला. ज्याच्यावर पडली नाही तो घरी जाऊन नांगर धरायला लागला, त्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण बिल कुणाच्या नावावर फाडायचं हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं, एवढं खरं.

आता येऊ कराडजवळच्या गोळेश्वर गावात. 15 जानेवारी 1926 ला इथे खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. पाच भावांत सगळ्यात धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, आणि त्यांनीच पोराला पाचव्या वर्षी मातीत उतरवलं. शाळा कराडचं टिळक हायस्कूल, कॉलेज कोल्हापूरचं राजाराम. इथवर शेतकरी घरातल्या कुठल्याही पैलवान पोराची असते तशीच ही गोष्ट आहे.

पुढची चार वर्षं मात्र मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची वाटतात. म्हणून जरा सावकाश जाऊ.

1948 साली लंडन ऑलिंपिक. खाशाबांची निवड झाली आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. म्हणजे जुनी पद्धत अजून चालू होती. खाशाबा तिथे पहिल्यांदाच मॅटवर लढले. तोवर आयुष्य मातीत गेलेलं. तरीही फ्लायवेट गटात सहावे आले.

1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. ते व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. पण संस्थानाची तिजोरी सरकारजमा झाली आणि पैलवानाचं बिल एकदम बेवारस झालं. नव्या राज्यात रस्ते होते, शाळा होत्या, धरणं होती. खुराक नावाचा रकानाच नव्हता.

1952 साली हेलसिंकी. आधी निवडीतच घोळ झाला. मद्रासच्या स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. त्यांनी दाद मागितली ती पतियाळाच्या महाराजांकडे. चाचणी कुस्ती झाली आणि खाशाबांनी ती जिंकली. बघा ना, देश प्रजासत्ताक होऊन दोन वर्षं झाली होती, आणि पैलवानाला न्याय मागायला अजून महाराजच आठवत होते!

निवड झाली, पण जायला पैसे कुठे होते? मुंबई राज्याकडे मदत मागितली, मोरारजी देसाई तेव्हा मुख्यमंत्री होते. स्पर्धा झाल्यावर या, असं उत्तर मिळाल्याचं सांगितलं जातं. मग गोळेश्वर आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले.

7,000 म्हणजे किती? तेव्हा सोन्याचा भाव तोळ्याला शंभर रुपयांच्या आत होता. म्हणजे सत्तर तोळ्यांहून जास्त सोनं. आजच्या भावाने तुम्हीच गुणाकार करा आणि मग विचार करा: आपल्या कॉलेजच्या प्रिन्सिपलने एका विद्यार्थ्यासाठी एवढा आकडा स्वतःच्या घरावर काढला असता का?

23 जुलै 1952 ला खाशाबांनी बँटमवेट गटात ब्राँझ जिंकलं. वजन 57 किलो. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कॅनडा, मेक्सिको, जर्मनीचे मल्ल हरवले. एका लांबलेल्या कुस्तीनंतर लगेच त्यांना पुन्हा मॅटवर बोलावलं गेलं. मध्ये विश्रांती द्यायचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. परत आले तेव्हा कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हे चित्र आपण सगळ्यांनी रील्समध्ये बघितलंय.

रील तिथे संपतं. पुढे काय झालं? खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, त्यात स्वतः लढले, जिंकले आणि आलेल्या पैशांतून खर्डेकर सरांचं घर सोडवलं. ऑलिंपिकचं पदक घरी ठेवून हा माणूस कर्ज फेडण्यासाठी कुस्त्या करत होता.

ही गोष्ट बहुतेक वेळा 'सरकारने दुर्लक्ष केलं' अशी सांगतात. ते खरंच आहे. पण मला त्यात आणखी एक दिसतं. 1948 ला बिल राजाने भरलं, 1952 ला ते गाव आणि एक शिक्षक यांच्यावर आलं. त्यानंतर ते ज्याच्या नावावर गेलं तो आजतागायत भरतोय. तो म्हणजे पोराचा बाप. आणि बापाबरोबर आई, तिच्याकडे येतोच.

पश्चिम महाराष्ट्रात एक बोलणं आहे: पोराच्या खुराकाला म्हैस बांधली. मला हे वाक्य प्रचंड आवडतं. पोरगं तालमीत जायला लागलं, जत्रेत रेवड्यांवरच्या दोन-चार कुस्त्या मारल्या, वस्ताद म्हणाले 'पोरात दम आहे', की बाप बाजारातून म्हैस आणतो. त्या म्हशीचं दूध डेअरीला घालायचं नाही, ते पोराचं. म्हैस ही त्या घराची स्कॉलरशिप. आज चांगली दुभती म्हैस लाखाच्या घरात जाते, तेव्हा हा निर्णय हलका नसतो.

आणि म्हैस आणतो बाप, पण तिचं सगळं करतं कोण? पहाटे धार आई काढते. शेण आई काढते, वैरण आई आणते, तूप आई कढवते. कौतुकाच्या बातमीत मात्र 'वडिलांनी म्हैस घेऊन दिली' एवढंच येतं. घरात आणखी भावंडं असतील तर त्यांचाही वाटा यात जातो. एका पैलवानाला तीन लिटर दूध द्यायचं म्हणजे बाकीच्यांच्या चहात ते कमी पडणार. बहिणीला कदाचित कोराच. या वाट्याचा हिशोब मला कुठल्याच पुस्तकात सापडलेला नाही, आणि सापडेल असं वाटतही नाही.

पोरगं मोठं झालं की ते कोल्हापूरला किंवा पुण्याला मोठ्या तालमीत जातं. मग म्हैस गावाला आणि पोरगं शहरात. तूप, बदाम, पिठाची पिशवी कुणाच्या तरी हाती, नाहीतर एसटीने पाठवायची. मध्यंतरी साखर कारखान्यांनी काही पैलवानांना मानधन द्यायला सुरुवात केली. वारणेसारख्या ठिकाणी मोठी मैदानं भरायला लागली. त्याने बऱ्याच घरांना आधार मिळाला हे मान्य करायला हवं. पण मानधन मिळतं ते नाव झाल्यावर. नाव होईपर्यंतचा खड्डा घरानेच भरायचा.

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे घ्या. वडील बाळासाहेब स्वतः पैलवान, त्यांनी पोराला घडवलं आणि पुण्याला हरिश्चंद्र बिराजदार मामांकडे सोपवलं. ज्या जिल्ह्याचं नाव दुष्काळ आणि ऊसतोडीच्या बातम्यांतच जास्त येतं, तिथून एक पोरगं पुण्यात ठेवायचं आणि वर्षानुवर्षं पोसायचं. 2018 ला गोल्ड कोस्टच्या कॉमनवेल्थमध्ये राहुलने सुवर्ण जिंकलं. वजन, 57 किलो. 2019 च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ. नंतर महाराष्ट्र पोलिसात डीवायएसपी. गोष्ट छान संपली असं म्हणायला हरकत नाही, पण मधली वर्षं नजरेआड करू नका.

हेच थोडं उत्तरेला जाऊन बघू, कारण 57 किलोचा धागा तिकडेही जातो. हरियाणातलं सोनिपत जिल्ह्यातलं नहारी गाव. राकेश दहिया नावाचा शेतकरी, स्वतःची जमीन नाही, दुसऱ्याची भाड्याने कसायची. पोरगं रवी, दहा वर्षांचं झाल्यावर दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये सतपालजींकडे ठेवलं. आणि मग हा बाप रोज घरचं दूध आणि लोणी घेऊन दिल्लीला जायचा. पहाटे अंधारात उठायचं, चालत स्टेशन गाठायचं, आझादपूरला उतरायचं, तिथून पुन्हा चालत स्टेडियम. दूध द्यायचं, परत यायचं आणि मग शेतात दिवसभर काम. हे एक-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं चाललं. 2021 च्या ऑगस्टमध्ये टोकियोत रवी दहियाने 57 किलो गटात रौप्य जिंकलं.

आपण घरबसल्या दहा मिनिटांत दूध मागवतो. एका माणसाने एका पोराच्या ग्लासभर दुधासाठी किती हजार किलोमीटर केले असतील, हे मी मोजायला घेतलं होतं. मग सोडून दिलं.

आता दुसरी बाजूही बोलायला हवी, नाहीतर हा एपिसोड म्हणजे नुसती आरती होईल. 'दंगल' आल्यापासून कष्टाळू बाप हा हिरो झालाय. महावीर फोगाट यांनी बलालीत मुलींना आखाड्यात उतरवलं, गावाचा विरोध सोसला, आणि गीताने 2010 च्या कॉमनवेल्थमध्ये सुवर्ण आणलं. मोठंच काम आहे. पण तो सिनेमा बघून बाहेर पडताना माझ्या डोक्यात एक किडा राहिला: गीता-बबिता हरल्या असत्या तर? पोराच्या ग्लासात दूध ओतताना त्यात अपेक्षाही ओतली जाते. बारा वर्षांच्या पोराला म्हशीची किंमत माहीत असते. गुडघा दुखतोय, मन लागत नाहीये, हे तो सांगणार कसा? दावणीला बांधलेली म्हैस त्याला रोज सकाळी दिसते. बापाचा त्याग खरा असतो आणि त्याचं ओझंही खरं असतं, आणि दोन्ही एकाच घरात नांदतात. यावर माझ्याकडे उत्तर नाही. वस्ताद चांगला असेल तर तो बापाशी बोलतो, एवढंच ऐकून आहे.

आता परतावा. इतकं सगळं करून आई-बापाला मिळतं काय?

बऱ्याच काळापर्यंत उत्तर एकच होतं: नोकरी. पोलीस, रेल्वे, आर्मी. खाशाबा 1955 ला पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. आजही गावात पैलवानाच्या बापाला विचारा, स्वप्न काय? 'ऑलिंपिक' हे तो कॅमेऱ्यासमोर म्हणेल. कॅमेरा बंद झाला की म्हणेल, 'भरतीत निघाला म्हणजे मिळवलं.' आणि यात कमीपणा काहीच नाही. आपल्या घरी कॅम्पस प्लेसमेंटला पेढे वाटले जातात, तसंच हे.

पण 2024 मध्ये एक वेगळी गोष्ट घडली, आणि माझ्या मते तिच्यावर आपण नीट बोललोच नाही. खेळ कुस्ती नाही, नेमबाजी आहे, पण जिल्हा कोल्हापूरच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. वडील सुरेश कुसाळे शिक्षक. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्नीलने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं. खाशाबांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. रायफलचा खुराक म्हणजे गोळ्या. एकेक गोळी शंभर रुपयांच्या पुढची, आणि सरावात त्या शेकड्याने उडतात. वडिलांनी त्यासाठी कर्ज काढलं होतं. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत स्वप्नील 2009 पासून होता, पुढे रेल्वेत नोकरी लागली, म्हणजे मदत अजिबात नव्हती असं नाही. पण सुरुवातीचा भार घरावर होता.

पदकानंतर राज्याच्या धोरणानुसार बक्षिसाचा आकडा दोन कोटी ठरला. ऑक्टोबरमध्ये सुरेश कुसाळे पत्रकारांसमोर म्हणाले, हे कमी आहे. पाच कोटी हवेत, पोराला बालेवाडीच्या संकुलाजवळ फ्लॅट हवा. त्यांनी हरियाणाशी तुलना केली. तिकडे खरंच ऑलिंपिक सुवर्णाला सहा कोटी, रौप्याला चार आणि ब्राँझला अडीच कोटी देतात.

लगेच कमेंट्स सुरू. हावरट, पदकाचा बाजार मांडला, वगैरे. दोन कोटी कमी पडतात का हो सर?

मला इथे थोडं थांबायचंय. आकडा पाच असावा की दोन, यावर वाद होऊ शकतो. हरियाणाच्या ब्राँझपेक्षाही ही मागणी दुप्पट आहे, हेही खरं. पण बापाने मागितलं म्हणून आपल्याला खुपलं, ते का? शाहू महाराजांनी खर्च केला, खासबाग त्यांच्या नावाने ओळखलं जातं, आणि ते योग्यच आहे. एखादी कंपनी स्पॉन्सर झाली तर पोराच्या छातीवर तिचा लोगो असतो, त्याला कुणी हावरट म्हणत नाही. ज्याने खर्च केला त्याला श्रेय आणि परतावा, हा नियम आपण सगळीकडे मान्य करतो. एका बापाच्या बाबतीतच तो मोडतो. त्याने केलं ते 'कर्तव्य', म्हणून त्याची पावती नाही, आणि पावती नाही म्हणून क्लेमही नाही. एखाद्या शिक्षकाने पगारातून हप्ते भरत गोळ्या पुरवल्या, तर राज्याच्या पदकात त्याची गुंतवणूक आहेच. त्याने ती बोलून दाखवली, एवढाच काय तो फरक.

मी तर म्हणेन, कुसाळे सरांनी एक चांगली गोष्ट केली. सत्तर वर्षं जे बिल गपचूप घरात भरलं जात होतं, ते त्यांनी टेबलावर ठेवलं.

बक्षिसं पदकानंतर येतात, हाही एक घोळच. मोरारजींच्या नावावर सांगतात ते उत्तर आठवा: स्पर्धा झाल्यावर या. आपलं बहुतेक धोरण अजून तसंच आहे. जिंकून ये, मग बघू. जी पोरं जिंकत नाहीत, त्यांच्या घरचं काय? आपल्या भाषेत याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. मी आज सांगितलेल्या सगळ्या गोष्टी जिंकलेल्यांच्या आहेत, कारण त्याच लिहिल्या गेल्या. ज्या घरी म्हैस बांधली, पाच वर्षं दूध पाजलं, आणि खांदा निखळला किंवा वजनच वाढलं नाही किंवा बारावीनंतर पोरगं म्हणालं 'आबा, मला नाही जमत', त्या घरांची संख्या कितीतरी मोठी आहे. त्यांना दोन कोटी सोडा, साधी शाल-श्रीफळ पण नाही. अशा घरातला एखादा पोरगा आज एमआयडीसीत शिफ्ट करत असेल, कान मात्र अजून पैलवानाचे, मुडपलेले. तेवढीच खूण.

आणि ज्यांच्याकडे बिल भरायला आई-बापच नाहीत, त्यांचं? इथे 57 किलो शेवटचं येतं. अमन सेहरावत, हरियाणातल्या झज्जर जिल्ह्यातलं बिरोहर गाव. लहानपणीच थोड्या अंतराने आई आणि वडील दोघंही गेले. आजोबांनी सांभाळलं. पोरगं छत्रसालमध्येच वाढलं, ज्या छत्रसालमध्ये रवीचे वडील दूध घेऊन यायचे. 9 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये त्याने 57 किलो गटात पोर्टो रिकोच्या मल्लाला 13-5 ने हरवून ब्राँझ जिंकलं, वयाच्या एकविसाव्या वर्षी. पदक त्याने आई-वडिलांना अर्पण केलं. कुणी तरी त्याचंही बिल भरलं: आजोबांनी, स्टेडियमने, कोचने. म्हणजे व्यवस्था असेल तर आई-बापाविनाही पोर उभं राहू शकतं. ती व्यवस्था एका स्टेडियमपुरती का आहे, हा पुढचा प्रश्न.

आता खाशाबांकडे परत येतो, कारण त्यांच्या घरची एक गोष्ट राहिली. खाशाबा 14 ऑगस्ट 1984 ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. गोळेश्वरला त्यांच्या नावाने कुस्ती संकुल उभारायचं सरकारने 2009 साली जाहीर केलं होतं. ते होईना. शेवटी 2017 मध्ये त्यांच्या कुटुंबाने जाहीर केलं की आम्ही ते ऑलिंपिकचं पदक लिलावात काढतो, आणि त्या पैशांतून संकुल बांधतो. पंचावन्नाव्या नाहीतर साठाव्या वर्षी नाही, तब्बल 65 वर्षांनी तेच पदक पुन्हा पैसे उभे करायला निघालं होतं. पहिल्या वेळी घर गहाण पडलं होतं पदकासाठी. या वेळी पदकच पणाला, आणि तेही गावातल्या दुसऱ्यांच्या पोरांना तालीम मिळावी म्हणून.

पुढच्या एपिसोडमध्ये खासबागेतल्या गाजलेल्या कुस्त्या घेऊ, त्यात डावपेच भरपूर असतील. तोवर एक काम करा. तुमच्या घरात, भावकीत, गावात कुणी तालमीत गेलं असेल, तर त्यांच्या आईला विचारा की खुराकाला म्हैस कधी आणली होती आणि पैसे कुठून आणले होते. आईलाच विचारा, वडिलांना नको. उत्तर व्हॉइस नोट करून पाठवा. नाव सांगायची गरज नाही, फक्त साल, म्हशीची किंमत आणि पुढे त्या म्हशीचं काय झालं, एवढं सांगा.